सुताराईचा पेपर

"तिकडं सायबाच्या मुलखात सुताराईचा पेपर निंगते," असं मोठे आबाजी सांगायला लागले की ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघत. पेपर पुढाऱ्यांचा असतो, सरकारचा असतो, कापसाच्या भावाचा असतो. रंधा मारणाऱ्याचा पेपर कोण काढेल, आणि काढलाच तर त्यात छापेल काय? मोठे आबाजी बोटांवर मोजून सांगत. त्यात करवतीचं चित्र होतं. कोणत्या गावात काम आहे आणि कोणत्या गावात जाऊ नये, ते होतं. जिना कसा बांधायचा त्याची आकृती होती. मेलेल्या सुतारांची नावं होती. या शेवटच्या गोष्टीवर माझी आजी दरवेळी एकच विचारी, "मेल्यावर नाव छापून काय करते बाप्पा?" मोठे आबाजी मग तंबाखू मळायला घेत.

ते माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. घर पारशिवनीचं, पिढीजात सुतारकीचं. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीनं मध्य प्रांतात घरंच्या घरं रिकामी केली. आमच्या घरातलीही माणसं गेली. सुताराचे हात शाबूत होते, पण काम सांगणारे शेतकरीच उरले नव्हते. साथ ओसरल्यावर विशीतला हा पोरगा वाकस, पटाश्या आणि किंकरं गोणपाटात गुंडाळून नागपूरला गेला आणि रेल्वेचे डबे दुरुस्त होत त्या शेडमध्ये सुतार म्हणून लागला. तिथल्या विलायती फोरमनच्या बाकावर त्यांनी तो पेपर पाहिला. इंग्रजी येत नव्हतं. हजेरी घेणाऱ्या बाबूनं दुपारच्या सुट्टीत त्यांना मजकूर सांगितला, आणि त्या एका दुपारच्या भांडवलावर मोठे आबाजींनी आयुष्यभर तो पेपर पारशिवनीला ऐकवला.

त्यांच्या सांगण्यात बनावट काही नव्हतं. इंग्लंडात १८६० साली सुतारांच्या विखुरलेल्या मंडळ्या एकत्र येऊन एक मोठी संघटना झाली. रॉबर्ट ॲपलगार्थ नावाचा सुतार पुढे तिचा सरचिटणीस झाला. इंग्रज सुतार पोटासाठी जिथे जिथे गेले, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, तिथे तिच्या शाखा निघाल्या. या शाखांना एकमेकींची खबर मिळे ती दर महिन्याच्या छापील अहवालातून. अमेरिकेत पीटर मॅग्वायर या सुतारानं तर उलटी वाट धरली. त्यानं मे १८८१ मध्ये सेंट लुईस शहरातून 'द कार्पेंटर' हा पेपर आधी काढला. सगळ्या सुतारांनी एकत्र यावं अशी हाक त्यातून घातली, आणि ऑगस्टमध्ये शिकागोला ११ शहरांतले ३६ प्रतिनिधी जमले तेव्हा कुठे देशभराची संघटना जन्माला आली. त्या पेपरात इंग्रजीच्या जोडीला जर्मन मजकूरही असे, कारण अमेरिकेतल्या लाकूडकामात जर्मन कारागीर मोठ्या संख्येनं होते.

त्या जुन्या अंकांच्या छायाप्रती मोठ्या ग्रंथालयांनी जपून ठेवल्या आहेत. पहिल्यांदा त्या पाहायला मिळाल्या तेव्हा मी बातम्यांकडे वळण्याआधी करवत शोधली. होती. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीची जाहिरात, लाकडी मुठीची करवत, तिचा एकेक दात उठून दिसेल असं चित्र. छपराच्या कैच्या कशा जुळवायच्या, वळणाच्या जिन्याचा कठडा कसा काढायचा, याचे धडे होते. आणि मोठे आबाजी सांगत ते सदरही होतं: पुढील गावी संप चालू आहे किंवा बांधकाम थंड आहे, तरी सुतारबंधूंनी तिकडे जाऊ नये. खाली नुसती गावांची नावं. त्या यादीवर माझी नजर बराच वेळ खिळली. रेल्वेचं तिकीट काढून, हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन अनोळखी गावी उतरायचं आणि तिथे काम नाही असं कळायचं, यात माणसाचं काय होतं हे ज्यानं भोगलं आहे त्यानंच हे सदर सुरू केलं असणार. मालकाला अशी यादी नको असते. दहा कामांसाठी तीस सुतार आले की मजुरी आपोआप उतरते.

या संघटनांची जी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत भिडली ती हत्यारांची. वर्गणी भरणाऱ्या सुताराची हत्यारं आगीत गेली किंवा चोरीला गेली तर संघटना त्याला भरपाई देई. नियम छापलेला असे. अर्ज करायचा, शाखेनं खात्री करायची, पैसे घ्यायचे. कुणाच्या दारात उभं राहायला नको.

आमच्या पणजोबांची हत्यारं पेंच नदीत गेली. हा किस्सा आजोबा सांगत, मोठे आबाजी सांगत आणि आजीही सांगे. तिघांच्या सांगण्यात महिना वेगळा असे, बैलांचे रंग वेगळे असत, पण हत्यारांची यादी कधी बदलली नाही. वाकस, तीन पटाश्या, दोन किंकरं, करवत, सामता, गुण्या, अंबूर. पणजोबा पेंचेपलीकडच्या एका गावात नांगर दुरुस्त करून परत येत होते. वर डोंगरात पाऊस झाला होता आणि इकडे ऊन होतं. पेंचेला असं पाणी येतं तेव्हा त्याचा आवाज आधी येतो, पण बंडीची खडखड त्याच्यावर चढली असावी. बैल सोडता आले, पणजोबा वाचले. बंडी उलटली आणि गोणपाट गेलं.

पुढचं प्रत्येक जण वेगळ्या सुरात सांगे. आजोबा सांगत, गाव कसं धावून आलं. आजूबाजूच्या गावांतल्या सुतारांनी एकेक हत्यार दिलं, कुणी जुनी पटाशी, कुणी मूठ नसलेली करवत. लोहारानं उधारीवर वाकस घडवून दिला. मोठे आबाजी त्याच्या पुढचं सांगत. करवत आणि सामता नवे घ्यायला पैसे लागले. ते मालगुजाराकडून, म्हणजे गावच्या जमीनदाराकडून आले, आणि ते फिटेपर्यंत पणजोबांनी मालगुजाराच्या वाड्याची दारं, खिडक्या आणि झोपाळा फुकट केला. एक सगळा हंगाम. त्या हंगामात शेतकऱ्यांचे नांगर-वखर वेळेवर झाले नाहीत म्हणून खळ्यावर धान्य कमी मिळालं. दोन्ही भाऊ खरंच बोलत होते. गाव धावून आलं हे खरं, आणि ज्याची हत्यारं बुडाली त्यानं वर्षभर मान खाली घालून काम केलं हेही खरं. भरपाई हक्कानं मिळणं आणि कुणाच्या मर्जीनं मिळणं यांतलं अंतर मला पुस्तकांतून कळायच्या आधी या हंगामातून कळलं. मोठे आबाजी त्या पेपराचं गुणगान का गात, हेही.

पारशिवनीच्या सुताराचं काम काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण आता ते पाहिलेली माणसं थोडी उरली. नांगर, वखर, डवरा, तिफन, जू ही शेतीची सगळी लाकडं त्याची. खाट, पाट, दार, चौकट त्याची. पाळणाही त्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा भरतो, त्यात पोरं ओढतात ते चाकांचे लाकडी नंदीही त्याचेच. आजोबा शिवणीच्या हलक्या लाकडाचे नंदी करत, आणि ज्या घरात पैसे नसत त्या घरच्या पोरालाही एक नंदी जाई. पण सुताराची परीक्षा बंडीच्या चाकात होत असे. मधला तुंबा बाभळीचा हवा, कारण तो फुटत नाही. दांड्यांना तिवस, कारण तो वाकतो पण मोडत नाही. जुन्या लाकडी आखाला धावडा. तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर कडेचे बाकदार तुकडे बसवायचे, आणि मग लोहाराला बोलवायचं.

धाव चढवण्याचा दिवस म्हणजे घरात लग्नासारखी धांदल. लोखंडाची धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. शेणाच्या गोवऱ्यांचं रिंगण रचून ती लालभडक तापवायची, म्हणजे ती फुगते. दोघातिघांनी लांब सांडशीनं उचलून चाकावर घालायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. धाव आवळते आणि चाकातला प्रत्येक सांधा कडकड आवाज करत घट्ट बसतो. गोवऱ्या आजीनं थापलेल्या असत. पाण्याच्या घागरी आजी आणि चुलत आज्या आणत. कोणत्या क्षणी कुठे ओतायचं हे आजीला आजोबांइतकंच कळे, आणि आजोबांनी ते चारचौघांत कबूल केलेलं मी ऐकलं आहे. पण सुगीला धान्य मोजून घेताना हिशेब सुताराच्या नावाचा. आजीचा वाटा कुठे धरलेलाच नव्हता. साता समुद्रापलीकडच्या त्या छापील पेपरांतही सुताराची बायको फारशी दिसत नाही.

मजुरी नांगरामागे ठरलेली असे. ज्याच्याकडे जितके नांगर, त्यानं खळ्यावर तितक्या मापाचं धान्य द्यायचं, मग वर्षभर त्याची शेतीची लाकडं दुरुस्त करायची. नवीन बंडीचे आणि घरकामाचे पैसे वेगळे. वाईट सालीही चार दाणे नक्की मिळत, हा या पद्धतीचा गुण आजोबांनी कायम सांगितला, आणि तो खोटा नाही. पण हे माप आपण ठरवलेलं नाही, आपल्या बापाच्या आधी कुणीतरी ठरवलं, हेही त्यांना ठाऊक होतं. काम वाढलं म्हणून माप वाढत नसे. त्यात १८७८ च्या वनकायद्यानंतर रानं राखीव होत गेली. पेंचेकाठचा साग दारातून दिसे, पण नाकेदाराच्या पासाशिवाय एक फाटाही आणता येत नसे. सुताराला लाकूड विकत आणि मजुरी जुनीच. १९१६ साली सरकारनं मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ छापला. त्यात बढई आणि सुतार यांच्यावर प्रकरण आहे; कुळं, लग्नं, चालीरीती सगळं आहे. सुतार कोण, याची नोंद झाली. सुताराला काय म्हणायचं आहे, त्यासाठी मात्र कुठे पान नव्हतं.

खबर जायची ती तोंडातोंडी. रामटेकच्या यात्रेत सुतार भेटत आणि कुठल्या मालगुजारानं नवा वाडा काढलाय, कुणी काम करून घेऊन पैसे बुडवलेत, हे कळे. माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्म्याची पूजा असे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ती धुऊन, तेल लावून मांडायची आणि आसपासच्या गावांतल्या घरांनी एकत्र जेवायचं. आजोबा म्हणत, आमचा पेपर त्या पंगतीत निघे. 'जाऊ नये' अशा गावांची यादी तिथेही होत असे. फक्त ती लिहून ठेवलेली नसल्यामुळे पुढच्या वर्षी कुणीतरी त्याच दारात जाऊन पुन्हा फसे.

नागपुरात मोठे आबाजींना पहिल्यांदा उभं राहून काम करावं लागलं. गावचा सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायांनी धरतो, आणि आपली देशी करवत ओढताना कापते. शेडमध्ये उंच बाक होता, शिकंजा होता, आणि शेफिल्डची स्पिअर अँड जॅक्सनची करवत ढकलताना कापत होती. हाताची सगळी सवय उलटी करायची. रात्री खांदा इतका दुखे की कूस बदलता येत नसे, असं ते सांगत. पण सांगताना आवाजात तक्रार नसे, तालीम पार केलेल्या पैलवानाचा आनंद असे. नॅरो गेजच्या गाड्यांचे डबे तेव्हा सागाचे असत. खिडक्यांच्या झडपा, बाकं, दारं, छताच्या कमानी सगळं लाकूड. रोज घासून, पॉलिश करून बाहेर पडणारा डबा पाहून त्यांना वाटे, आपल्या हातचं लाकूड छिंदवाड्यापर्यंत जातंय. पारशिवनीहून सावनेरला जाऊन तीच गाडी पकडायची आणि डब्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून "हे जोडकाम आमचं" म्हणायचं, हा त्यांचा नेम. ती छोटी लाईन २०१५ साली बंद झाली.

नागपूर हे मजुरांच्या चळवळीचं फार जुनं गाव आहे. १ जानेवारी १८७७ या एकाच दिवशी महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन गोष्टी सुरू झाल्या. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल चालू झाली, आणि पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला. त्याच वर्षी एम्प्रेस मिलच्या मजुरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केलं. हिंदुस्थानातल्या पहिल्या संपांत त्याची गणना होते. 'दीनबंधू' १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती आला आणि मुंबईला गेला. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. त्याच १८९० च्या १ मे रोजी अमेरिकेत आठ तासांच्या दिवसाची लढाई पुढे न्यायला कामगार महासंघानं मॅग्वायरच्या सुतारांना निवडलं होतं. दोन वेगळे देश, पण दोन्हीकडे आधी कुणीतरी शाई आणि कागदाची तजवीज केली होती. पेपर हाताशी असलेल्या संघटनेची मागणी टिकते, असं मला या तारखा एकत्र ठेवल्यावर वाटतं. मागणी छापली की ती सगळ्यांना एकाच शब्दांत पाठ होते, आणि मालकाला 'तुमच्यातला दुसरा तर वेगळंच म्हणाला' असं सांगता येत नाही.

आमच्या भागातल्या मजुरांचा पेपर शोधायचा तर मोहप्याच्या माणसाचं नाव घ्यावं लागतं. किसन फागुजी बनसोडे, जन्म १८७९. मोहपा आमच्या सावनेरपलीकडचं गाव. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या या माणसानं नागपुरात छापखाना चालवला आणि १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक' आणि १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' काढली. मोठे आबाजी ज्या साली नागपूरला गेले, तेच हे साल. ते राहत त्या चाळीच्या ओट्यावर संध्याकाळी 'मजुराईचा पेपर' वाचला जाई. वाचणारा एक महार मिल-मजूर होता. बाकीच्यांपैकी कुणालाच भराभर वाचता येत नव्हतं.

इथे आजीची एक आठवण ठेवावी लागते. पारशिवनीत महार शेतकऱ्याच्या नांगराला फाळ बसवायचा असे तेव्हा तो नांगर गावाच्या कडेला ठेवला जाई. आजोबा तिथे जाऊन काम करत, आणि घरी आल्यावर हत्यारांवर पाणी शिंपडलं जाई. पाणी आजी शिंपडे. म्हातारपणी ती हे लपवत नसे, "आमाले तसंच शिकवलं होतं, अन् ते वाईट होतं," एवढं स्पष्ट म्हणे. अशा घरातला मुलगा नागपुरात एका महाराच्या पायाशी बसून पेपर ऐकत होता. पहिल्या दिवशी ते जरा लांब बसले, आवाज नीट येईना म्हणून दुसऱ्या दिवशी जवळ सरकले, असं त्यांनी मला सांगितलं. सुट्टीवर घरी आल्यावर त्यांनी हत्यारांवर पाणी शिंपडायला मनाई केली. त्यावरून भावाभावांत अबोला झाला तो पुढच्या पोळ्यापर्यंत टिकला. माणसं जवळ सरकतात ती नेहमी मन मोठं झालं म्हणून नाही; कधी ऐकायची गरज असते म्हणूनही सरकतात. बनसोड्यांचा पेपर सुतारांसाठी नव्हता, सगळ्या मजुरांसाठी होता, आणि मला तो मोठे आबाजींच्या विलायती पेपराहून मोठा वाटतो. अमेरिकेत त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये काळ्या सुतारांच्या शाखा गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवल्या जात. एकाच कामाची, एकाच हत्याराची माणसं, आणि बैठका दोन.

१९२९ च्या नोव्हेंबरअखेर आयटक या देशव्यापी कामगार संघटनेचं अधिवेशन नागपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथेच संघटना फुटली आणि ना. म. जोशी यांच्याबरोबरची मंडळी बाहेर पडली. मोठे आबाजी या विषयावर दोनच वाक्यं बोलत: मांडव आमच्या लोकांनी बांधला होता, आणि एका घरची दोन घरं झाली. अधिक विचारलं तर विषय बदलत. डिसेंबर १९३६ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेवर कपातीच्या विरोधात संप झाला आणि फेब्रुवारीपर्यंत चालला. त्यातले काही दिवस मोठे आबाजी पारशिवनीला येऊन राहिले. इथे त्यांनी भावाबरोबर बंड्यांची चाकं केली. ज्या शेतकऱ्यांना कळलं की हा संपावर आहे, त्यांनी खळ्यावर माप भरून दिलं, वर एक ओंजळ जास्त. आजोबांना संघटना हा प्रकार कधी पटला नव्हता, पण थोरल्या भावासाठी नागपूरला ज्वारीचं पोतं घेऊन गेले ते तेच. संपावरच्या इतर घरांतही त्यातली ज्वारी वाटली गेली. गावच्या जुन्या मापानं शहरातला नवा संप काही दिवस जगवला, हा आमच्या घराण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा अभिमान.

त्या रेल्वेच्या कामगारांचं नेतृत्व व्ही. व्ही. गिरी यांनी केलं होतं. ऑगस्ट १९६९ मध्ये गिरी राष्ट्रपती झाल्याची बातमी रेडिओवर आली. निवृत्त झालेले मोठे आबाजी तेव्हा ओसरीवर होते. मी लहान होतो, पण त्यांनी सगळ्यांना पेढे वाटायला सांगितले हे मला आठवतं. आजी म्हणाली, "तुमचा काय लागते तो?" ते म्हणाले, "आमचा माणूस हाये." पेढ्यांचे पैसे आजोबांनी दिले.

आता पारशिवनीत लाकडी चाक नाही. बंडीला रबरी टायर आले, मग बंडीच कमी झाली. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि तिच्याबरोबर वाड्यांची दारंही. १९७५ मध्ये पेंचचं राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे व्याघ्र प्रकल्प. वाघ राहिले याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्याच वेळी हेही दिसतं की कोलितमाऱ्याकडे पर्यटकांच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर सुताराच्या घराला सागाचा तुकडा वखारीतूनच आणावा लागतो. माझे पुतणे प्लायवूड आणि सनमायक्याचं काम करतात. स्वयंपाकघराचे ओटे, कपाटं, दुकानांची सजावट. हत्यारं विजेची: कटर, राउटर, ड्रिल. कामं नागपूरला, कन्हानला, कामठीला, चौरस फुटाच्या दरानं. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. अठरा कारागिरींच्या यादीत सुतार आहे, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. एका पुतण्यानं नाव नोंदवलं. पणजोबांच्या पेंचेतल्या हत्यारांची भरपाई सरकारच्या वहीत लिहिली जावी, ही गोष्ट लहान नाही. पण ती हत्यार पहिल्यांदा घेताना मिळते. रात्रीतून साईटवरून राउटर चोरीला गेला तर त्या योजनेत काही नाही.

तसं गेल्या पावसाळ्यात घडलं. तालुक्यातल्या तरुण सुतारांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. त्यावर प्लायचे भाव येतात, कुठे काम निघालंय ते येतं, आणि 'अमक्या साईटवर पैसे अडकलेत, कुणी जाऊ नका' असंही येतं. तो संदेश मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला १८८१ नंतरच्या त्या अंकांतल्या गावांच्या याद्या आठवल्या, आणि पुतण्याला त्या दाखवल्या. त्यानं त्यातलं एक पान गटावर टाकलं. चोरीची खबर आली त्या रात्री कुणी आपला जुना राउटर दिला, कुणी पैसे टाकले. पणजोबांच्या वेळी जसं झालं तसंच. मग एकानं लिहिलं की हे असं दरवेळी हात पसरून नको, दर महिन्याला ठरावीक रक्कम जमवू, म्हणजे ज्याचं हत्यार जाईल त्यानं नुसतं सांगायचं. विश्वकर्मा जयंतीच्या बैठकीत ते मंजूर झालं. वही पुतण्याकडे आहे.

एक मुद्दा मात्र बाकी राहिला. छिंदवाड्याकडून आणि बिहारमधून आलेले कारागीर आणि त्यांच्या हाताखालचे हेल्पर यांना या वर्गणीत घ्यायचं की नाही. बैठकीत आवाज चढले. ते स्वस्तात काम करतात, दर पाडतात, असं बऱ्याच जणांचं म्हणणं, आणि दर पडतात हे खोटं नाही. मी वयानं मोठा म्हणून मला बोलायला सांगितलं. मी सांगितलं की त्यांना बाहेर ठेवलंत तरच ते स्वस्तात काम करत राहतील. आत घ्या, दर सांगा, त्यांच्या भाषेतही लिहा. मॅग्वायरनं जर्मन मजकूर का छापला ते सांगितलं. चाळीच्या ओट्यावरची गोष्टही सांगितली. काहींना पटलं, काही उठून गेले. पुढची बैठक पोळ्यानंतर आहे. तोवर पुतण्यानं वहीत हिंदी नावांसाठी पानं सोडून ठेवली आहेत.